वेंगुर्ल्याचा ध्रुव, बेळगावचा चंद्र: घड्याळाविना रेखांश

बेळगावहून आंबोली घाटाने वेंगुर्ल्याला उतरणाऱ्या माणसाच्या सहसा लक्षात येत नाही की, ही दोन्ही गावे जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत. दोन्हींचा अक्षांश उत्तर १५ अंश ५१ कलांच्या (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) आसपास आहे. त्यामुळे बेळगावच्या शहापुरातील एखाद्या गच्चीवरून ध्रुवतारा क्षितिजाच्या जितका वर दिसतो, तितकाच तो वेंगुर्ल्याच्या बंदरावरूनही दिसतो. ही उंची सोळा अंशांच्या आसपास, म्हणजे हात लांब करून धरलेल्या दीड मुठीएवढी असते. मे महिन्याच्या आरंभी सूर्य डोक्यावर येऊन सावली पायाखाली जाण्याचा दिवसही दोन्हीकडे एकच. चित्रा, स्वाती, अगस्ती हे तारे दोन्ही ठिकाणी त्याच उंचीवरून माथ्याची रेषा ओलांडतात. डोळे बांधून नेलेल्या माणसाला रात्री आकाशाखाली उभे केले आणि समुद्राची गाज ऐकू दिली नाही, तर आपण घाटावर आहोत की किनाऱ्यावर, हे त्याला ताऱ्यांच्या उंचीवरून कधीही सांगता येणार नाही.

फरक आहे तो एवढाच की, वेंगुर्ले नव्वदेक किलोमीटर पश्चिमेला असल्यामुळे तिथे आकाशातली प्रत्येक गोष्ट सुमारे साडेतीन मिनिटे उशिरा घडते. सूर्य साडेतीन मिनिटे उशिरा माथ्यावर येतो, तारे तितकेच उशिरा उगवतात. ही साडेतीन मिनिटे म्हणजेच दोन गावांच्या रेखांशांतील फरक होय. आपल्या जुन्या ज्योतिषग्रंथांत रेखांशातील फरकाला ‘देशांतर’ म्हणतात आणि ते घटका-पळांत (दिवसाच्या साठ घटका, घटकेची साठ पळे), म्हणजे वेळेतच सांगतात. पृथ्वी चोवीस तासांत ३६० अंश फिरते, म्हणून तासाला १५ अंश आणि एका अंशाला चार मिनिटे हे प्रमाण आज शाळेत शिकवतात. जुन्या मापात हाच हिशोब अधिक सुटसुटीत होतो: साठ घटकांत ३६० अंश, म्हणून एका घटकेला सहा अंश आणि एका अंशाला दहा पळे. या ग्रंथांनी मध्यरेषा मानलेल्या उज्जैनीच्या रेषेपासून बेळगाव सव्वा अंश पश्चिमेला आहे, तेव्हा बेळगावचे देशांतर तेरा पळांच्या आसपास येते.

हे कोणालाही घरी करून पाहता येते. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, नाताळच्या सुटीत, गच्चीवर एक सरळ काठी ओळंब्याने उभी करावी आणि तिच्या बुंध्याभोवती खडूने वर्तुळ काढावे. सकाळी सावलीचे टोक वर्तुळाच्या आत शिरताना एक खूण करावी, दुपारी ते बाहेर पडताना दुसरी. या दोन खुणांच्या बरोबर मधून काठीकडे जाणारी रेषा ही उत्तर-दक्षिण रेषा होय. दुसऱ्या दिवशी सावली या रेषेवर आली की आपल्या गावचे खरे मध्यान्ह झाले. शंकूने दिशा साधण्याची ही रीत आपल्याकडे फार जुनी आहे. त्या क्षणी मोबाइलमध्ये पाहिले तर बारा वाजून साधारण ३२ मिनिटे झालेली दिसतात. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे, बेळगाव ७४.५ अंशांवर आहे, आठ अंशांचा फरक आणि अंशाला चार मिनिटे, म्हणून ही ३२ मिनिटे. (सूर्य वर्षभर एकसारख्या चालीने चालत नाही. नोव्हेंबरच्या आरंभी बेळगावचे मध्यान्ह १२.१६ च्या सुमारास होते आणि फेब्रुवारीच्या मध्यास १२.४६ ला, म्हणूनच सूर्याच्या चालीतला हा फरक जवळपास शून्य असणारा डिसेंबरचा शेवट मी सुचवला.)

या प्रयोगात खरे काम कोणी केले, हे पाहणे महत्त्वाचे आहे. काठीने आपल्या गावची वेळ सांगितली. मोबाइलने दुसऱ्या एका ठरलेल्या रेषेवरची वेळ सांगितली. रेखांश निघाला तो या दोन वेळांच्या वजाबाकीतून. आपल्या जागेची वेळ सूर्य आणि तारे फुकट देतात. अडचण सगळी दुसऱ्या जागेच्या वेळेची आहे. लग्नात मुहूर्त साधण्यासाठी घंगाळातल्या पाण्यात सोडत असत ते घटिकापात्र, म्हणजे बुडाला छिद्र असलेली वाटी, एक घटका म्हणजे २४ मिनिटे मोजून देते, परंतु उज्जैनीत लावलेले घटिकापात्र हिंदकळत्या जहाजावर महिनाभर न चुकता बुडवत राहणे कोणालाही शक्य नव्हते. वाळूच्या घड्याळाची गत तीच. दर दिवशी दोन मिनिटे चुकणारे घड्याळ तीस दिवसांत तासभर चुकते आणि तासभर चूक म्हणजे पंधरा अंश, म्हणजे आपल्या अक्षांशावर सोळाशे किलोमीटर. म्हणून ‘घड्याळाविना रेखांश’ हा प्रश्न म्हणजे ‘दूरच्या एका गावात आत्ता किती वाजले आहेत, हे तिथून काहीही बरोबर न आणता कसे ओळखायचे’ हा प्रश्न होय.

अरबी समुद्रावरच्या नाविकांनी या प्रश्नाला बराच काळ बगल दिली आणि ती फार शहाणपणाने दिली, असे मला वाटते. आपला पश्चिम किनारा मोटामोटी उत्तर-दक्षिण पसरलेला आहे. एडनकडून किंवा आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून पूर्वेला निघालेले गलबत कुठेतरी त्याला लागणारच. प्रश्न एवढाच की ते वेंगुर्ल्याला लागेल की कालिकतला, आणि त्याचे उत्तर अक्षांश देतो. त्यासाठी ‘कमाल’ नावाची साधी वस्तू पुरे होती. पोस्टकार्डाएवढी लाकडी फळी, तिच्या मधोमध भोक, भोकातून ओवलेली दोरी आणि दोरीला गाठी. ठरावीक गाठ दातांत धरायची, दोरी ताणून फळी डोळ्यांसमोर धरायची, फळीची खालची कड क्षितिजाला टेकवायची आणि वरची कड ध्रुवाला लागते का ते पाहायचे. ध्रुव फळीच्या वर राहिला तर आपण बंदराच्या उत्तरेला आहोत, फळीमागे लपला तर दक्षिणेला. कमालीवर वेंगुर्ल्यासाठी मारलेली गाठ बेळगावच्या गच्चीवरही चालेल, कारण ध्रुव दोन्हीकडे सारखाच. अरबी नाविक ही उंची ‘इस्बा’ या मापात मोजत. इस्बा म्हणजे बोट, आणि एक इस्बा साधारण एक अंश ३६ कलांची. पंधराव्या शतकातील इब्न माजिद याच्यासारख्या जाणत्या मालमांना, म्हणजे जहाजाची वाट ठरवणाऱ्यांना, हेही ठाऊक होते की ध्रुवतारा बरोबर ध्रुवावर नाही. त्या काळी तो साडेतीन अंशांच्या आसपास सरकलेला होता, म्हणून दुसरे तारे ठरावीक जागी आले असतानाच त्याची उंची घ्यायची, असा त्यांचा नेम होता.

तेव्हा रीत अशी होती: मोसमी वाऱ्याबरोबर आधी इच्छित बंदराचा अक्षांश गाठायचा आणि मग ध्रुवाची उंची कायम ठेवून पूर्वेला किनारा दिसेपर्यंत चालत राहायचे. किनारा किती दूर आहे, हे रेखांश न सांगता समुद्रच सांगे. पाण्याचा रंग पालटे, पक्षी दिसू लागत, खोली मोजायला वजन बांधून सोडलेल्या दोराला तळ लागे आणि तळाची माती वर येई. पाण्यात साप दिसू लागले की हिंदुस्थानचा किनारा जवळ आला असे समजावे, ही सूचना इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ग्रीक भाषेतल्या एका प्रवासपोथीतही आहे. मात्र लक्षद्वीपसारखी पाण्याबरोबर असलेली बेटे वाटेत येत तिथे ही रीत अपुरी पडे, कारण ती बेटे जहाजापासून किती पूर्वेला आहेत हे रात्रीच्या अंधारात ध्रुव सांगू शकत नसे.

पूर्व-पश्चिम अंतराचा अंदाज बांधण्याचा रोजचा उपाय म्हणजे चालीचा हिशोब. नाळेवरून, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावरून, लाकडाचा तुकडा पाण्यात टाकायचा, तो मागच्या टोकाशी यायला किती वेळ लागतो ते मोजून वेग काढायचा, होकायंत्रावरून दिशा घ्यायची आणि दिवसभराचे अंतर मांडायचे. अरबी नाविक हे अंतर ‘झाम’ या मापात, म्हणजे तीन तासांच्या वाटचालीत सांगत. हा हिशोब पाण्याच्या मानाने बरोबर असतो, जमिनीच्या मानाने नाही. कारण पाणी स्वतःच वाहत असते आणि अरबी समुद्रातील प्रवाह तर पावसाळ्यात एका दिशेने व हिवाळ्यात उलट दिशेने जातात. जहाजाला तासाला अर्धा सागरी मैल बाजूला नेणारा प्रवाह कोणालाही जाणवत नाही, पण दिवसाला बारा मैल आणि वीस दिवसांत २४० मैल ही त्याची करणी असते. बेळगाव ते वेंगुर्ले हे सरळ अंतर पन्नास सागरी मैल धरले तर ही चूक त्याच्या जवळजवळ पाचपट होते, आणि ती झाली आहे हे कळण्याचा कोणताही मार्ग त्या हिशोबात नसतो.

काहींना वाटले की होकायंत्रच रेखांश सांगेल. सुई खऱ्या उत्तरेपासून थोडी कलते आणि हा कल जागोजागी वेगळा असतो. तो पूर्वेकडे जाताना नियमाने बदलत असेल तर कल मोजला की रेखांश मिळाला. १५३८ साली जुआंव द कास्त्रू हा पोर्तुगीज दर्यावर्दी लिस्बनहून गोव्याला येताना वाटेत पुन्हा पुन्हा हा कल मोजत आला आणि असा साधा नियम नाही, हे त्याच्या मोजमापांतून दिसून आले. पुढे हाच गृहस्थ गोव्यात पोर्तुगीजांचा सर्वोच्च अधिकारी झाला. १६३४ मध्ये लंडनजवळच्या मोजणीवरून असेही उघड झाले की एकाच जागचा कल वर्षांनुवर्षे हळूहळू बदलतो. तरीही ठरलेल्या मार्गावर, जिथे कलाची नोंद ताजी असे तिथे, जमीन जवळ आल्याची सूचना म्हणून नाविक तो वापरत राहिले.

आता आकाशाकडे वळू, कारण खरा उपाय तिथेच होता. दोन दूरच्या गावांतील माणसांना एकाच क्षणी दिसेल अशी एखादी घटना आकाशात घडली आणि दोघांनी ती आपापल्या गावच्या वेळेने टिपून ठेवली, तर नंतर पत्राने वेळा कळवूनही रेखांशातील फरक काढता येतो. चंद्रग्रहण ही अशी घटना आहे. सूर्यग्रहणात चंद्राची सावली जमिनीवरून सरकत जाते आणि प्रत्येक गावी ते वेगळ्या क्षणी लागते. चंद्रग्रहणात मात्र चंद्र स्वतःच पृथ्वीच्या सावलीत शिरतो, आणि जिथून चंद्र दिसतो तिथून ते एकाच क्षणी दिसते. ७ सप्टेंबर २०२५ च्या रात्री भारतात सर्वत्र घड्याळाने अकरा वाजता खग्रास स्थिती सुरू झाली. पण प्रत्येक गावाने आपली वेळ ठेवली असती तर बेळगावकराने १० वाजून २८ मिनिटे लिहिली असती आणि गुवाहाटीच्या माणसाने ११ वाजून ३७ मिनिटे. फरक ६९ मिनिटांचा, म्हणजे सव्वासतरा अंशांचा. नकाशात पाहिले तर तो तितकाच निघतो. एक प्रमाणवेळ आल्यापासून ही गंमत आपल्या डोळ्यांआड गेली आहे.

सूर्यसिद्धांत या जुन्या ज्योतिषग्रंथात ही रीत स्पष्ट दिली आहे. लंका, उज्जैनी आणि कुरुक्षेत्र यांवरून जाणारी मध्यरेषा धरायची, तिच्यासाठी ग्रहणाची वेळ गणिताने काढायची आणि आपल्या गावी ग्रहण प्रत्यक्ष केव्हा दिसते ते पाहायचे. गणितापेक्षा उशिरा दिसले तर आपण मध्यरेषेच्या पूर्वेला, लवकर दिसले तर पश्चिमेला. इथे पत्राचीही गरज उरली नाही, कारण दुसऱ्या गावची वेळ गणिताने आधीच कागदावर लिहून ठेवली आहे. रीत उत्तम असली तरी तिच्या मोजणीतली चूक त्या मध्यरेषेवरच दिसते: परंपरेने एकाच रेषेवर धरलेली उज्जैनी आणि कुरुक्षेत्र ही ठिकाणे आजच्या नकाशात एकमेकांपासून सुमारे एक अंश बाजूला आहेत. ९९७ साली अल्-बिरूनी या विद्वानाने मध्य आशियातील ख्वारिझ्ममधील काथ इथून आणि अबुल वफाने बगदादहून ठरवून एकच चंद्रग्रहण पाहिले आणि दोन शहरांत सुमारे एका तासाचा फरक काढला, तो वास्तवाच्या बराच जवळ होता. याउलट १५०४ साली जमैकात अडकलेल्या कोलंबसाने ग्रहणावरून काढलेला रेखांश तीस अंशांहून अधिक चुकला. सावलीची कड धूसर असते, त्यामुळे ग्रहण नेमके केव्हा लागले याबद्दल दोन जाणत्या माणसांचेही काही मिनिटांचे दुमत होते आणि चार मिनिटांत एक अंश हातचा जातो. शिवाय वर्षात फार तर दोन-तीन ग्रहणे. जहाज त्यांची वाट पाहत समुद्रात उभे राहू शकत नाही.

रोज दिसणारी घटना हवी असेल तर ती पंचांग वाचणाऱ्या कोणत्याही घराला ठाऊक आहे. आज चंद्र रोहिणीत, उद्या मृगात, परवा आर्द्रात. चंद्र तारकांच्या मानाने दिवसाला सुमारे सव्वातेरा अंश पूर्वेला सरकतो, म्हणूनच आपल्या पूर्वजांनी १३ अंश २० कलांची एक अशी सत्तावीस घरे पाडली. तासाला ही चाल साधारण अर्ध्या अंशाची, म्हणजे चंद्रबिंबाच्या रुंदीएवढी असते. तारे ही तबकडी, चंद्र हा काटा. हे घड्याळ सगळ्या जगाला एकच वेळ दाखवते आणि त्याला किल्ली द्यावी लागत नाही. पंचांगात ‘अमुक नक्षत्र इतक्या वाजेपर्यंत’ असे छापलेले असते तेव्हा त्याचा अर्थ, चंद्ररूपी काटा त्या खुणेवर येईल त्या क्षणी ठरलेल्या रेषेवर इतके वाजलेले असतील, असाच होतो. म्हणजे पंचांग हे दुसऱ्या गावच्या वेळेचे पुस्तक आहे. चंद्र कुठे आहे ते डोळ्यांनी पाहा, पंचांगात तिथे कोणती वेळ दिली आहे ते पाहा, आपल्या गावची वेळ ताऱ्यांवरून काढा आणि वजाबाकी करा.

मग आपल्याकडे हे समुद्रावर का वापरले गेले नाही? मुरुड-जंजिऱ्याजवळच्या नांदगावचे गणेश दैवज्ञ यांचा १५२० चा ‘ग्रहलाघव’ हा ग्रंथ तर समुद्राच्या हाकेच्या अंतरावर रचला गेला आणि पुढे कित्येक पिढ्या त्यावरून पंचांगे झाली. कारण असे की, सूर्यसिद्धांताच्या परंपरेतील चंद्रगणित ग्रहणांवर पारखून घेतलेले होते. पौर्णिमा-अमावास्येला ते चांगले जुळते, पण अष्टमीच्या सुमारास चंद्र गणितापेक्षा दोन-अडीच अंश मागे किंवा पुढे असू शकतो. जुन्या गणिताचे सिद्धांतपंचांग आणि प्रत्यक्ष वेधांशी जुळणारे दृक्‌पंचांग यांच्यातील तिथीचा वाद अष्टमीच्या जवळ सर्वांत तीव्र होतो तो यामुळेच. व्रताच्या दिवशी हा वाद घरात होतो. समुद्रात दोन अंशांची चूक म्हणजे चार तासांची चूक, आणि चार तास म्हणजे साठ अंश. वेंगुर्ले शोधणारे जहाज आफ्रिकेत आहे की हिंदुस्थानात, हेही त्यातून कळणार नाही.

चंद्राच्या घड्याळाचा खरा दोष हा आहे की त्याचा काटा फार सावकाश फिरतो. कोन मोजताना एक कला चुकली, म्हणजे चंद्रबिंबाचा तिसावा भाग चुकला, तर वेळ दोन मिनिटे चुकते आणि रेखांश अर्धा अंश. वेंगुर्ले ते बेळगाव या अंतराच्या निम्म्याहून अधिक. युरोपात योहानेस वेर्नर याने १५१४ मध्ये ही कल्पना लिहून ठेवली होती, पण तिला लागणाऱ्या तिन्ही गोष्टी, म्हणजे ताऱ्यांच्या अचूक जागा, चंद्राच्या चालीचे अचूक गणित आणि हलत्या जहाजावरून कला मोजू शकणारे यंत्र, जमायला अडीचशे वर्षे लागली. पहिलीसाठी १६७५ मध्ये ग्रिनिच वेधशाळा स्थापन झाली. यंत्राचे काम १७३१ साली जॉन हॅडलीने मांडलेल्या दोन आरशांच्या ऑक्टंटने आणि पुढे सेक्स्टंटने केले. आरशाची खुबी अशी की जहाज डोलले तरी चंद्र आणि तारा दोन्ही एकत्रच डोलतात आणि एकमेकांना टेकलेलेच राहतात. चंद्राचे गणित सर्वांत अवघड ठरले, कारण त्याला पृथ्वी आणि सूर्य दोघेही ओढतात. गोटिंगेनच्या टोबियास मायरने ते पुरेसे अचूक केले. १७१४ साली इंग्लंडच्या संसदेने अर्ध्या अंशापर्यंत अचूक रीतीसाठी २०,००० पौंड लावले होते. त्यापैकी ३,००० पौंड मायरच्या मृत्यूनंतर त्याच्या विधवेला मिळाले.

१७६७ या वर्षापासून ग्रिनिच वेधशाळेचा प्रमुख नेव्हिल मॅस्केलिन याच्या देखरेखीखाली ‘नॉटिकल अल्मनॅक’ हे नाविकांचे पंचांग निघू लागले. त्यात चंद्राचे सूर्यापासून आणि ठरावीक ताऱ्यांपासून अंतर ग्रिनिचच्या वेळेने दर तीन तासांना छापलेले असे. हे तारे नऊ होते, आणि आपल्याला ते परके नाहीत: रोहिणी, पुनर्वसूतला एक, मघा, चित्रा, ज्येष्ठा, श्रवण, पूर्वाभाद्रपदेतला एक, अश्विनीजवळचा मेषेतील तेजस्वी तारा, आणि नक्षत्रमालेबाहेरचा असा एकटा मीनास्य. चंद्राच्या वाटेवर खुणेसाठी ठळक तारे निवडायला बसलेल्या दोन दूरच्या परंपरांनी जवळजवळ तेच तारे निवडावेत, यात नवल काही नाही, कारण वाट एकच आहे. तरी ती यादी प्रथम वाचताना मला घरचे कोणी भेटल्यासारखे वाटले.

प्रत्यक्ष वेध घेताना बहुधा तिघे लागत. एक जण सेक्स्टंटने चंद्राच्या कडेपासून ताऱ्यापर्यंतचे अंतर घेई, त्याच क्षणी दुसरा चंद्राची उंची आणि तिसरा ताऱ्याची उंची मोजे. उंची कशासाठी, तर दोन दुरुस्त्यांसाठी. हवेतून येताना प्रकाश वाकतो आणि तारे किंचित वर उचललेले दिसतात, ही पहिली. दुसरी अधिक मोठी: सारणी पृथ्वीच्या केंद्रातून पाहिल्याप्रमाणे केलेली असते, पण आपण पृथ्वीच्या पाठीवर उभे असतो, आणि चंद्र इतका जवळ आहे की त्यामुळे तो क्षितिजाजवळ सुमारे ५७ कला, म्हणजे जवळजवळ दोन बिंबे, खाली सरकलेला दिसतो. आपल्या सिद्धांतग्रंथांत याला ‘लंबन’ म्हणतात. ते विसरले तर वेळ दोन तासांपर्यंत चुकू शकते. या दुरुस्त्यांचे गणित सुरुवातीला चार-चार तास खाई; तयार सारण्यांनी ते अर्ध्या तासावर आले. समजा दुरुस्ती केल्यावर चंद्र-चित्रा अंतर ग्रिनिचच्या दुपारी ३ वाजून २० मिनिटांच्या अंतराशी जुळले आणि जहाजावर ताऱ्यांवरून रात्रीचे आठ वाजलेले निघाले, तर फरक ४ तास ४० मिनिटांचा, म्हणजे ७० अंश पूर्व. जहाज वेंगुर्ल्याच्या अक्षांशावर असेल तर बंदर अजून ३९० किलोमीटर पुढे आहे. जेम्स कुकने १७६८ ते १७७१ चा पहिला प्रवास क्रोनोमीटरशिवाय, म्हणजे समुद्रावरही अचूक चालणाऱ्या घड्याळाशिवाय, याच रीतीने रेखांश काढत केला. अमावास्येच्या आगेमागे काही दिवस मात्र चंद्र सूर्याच्या फार जवळ असल्यामुळे ही रीत बंद पडे.

गुरूचे चंद्र हे आणखी एक आकाशातले घड्याळ गॅलिलिओने सुचवले. गुरूचा सर्वांत आतला मोठा चंद्र दर साडेबेचाळीस तासांनी त्याच्या सावलीत शिरून दिसेनासा होतो आणि ही वेळ आधी गणिताने सांगता येते. डोलत्या जहाजावर दुर्बीण गुरूवर स्थिर राहीना, त्यामुळे समुद्रावर ते कधीच साधले नाही. जमिनीवर मात्र ते फार उपयोगी ठरले आणि मद्रासच्या वेधशाळेचा रेखांशही या ग्रहणांवरून निश्चित करण्यात आला. स्वस्त व भरवशाची क्रोनोमीटरे आल्यावर चंद्रवेध मागे पडले आणि १९०७ च्या अल्मनॅकपासून चंद्रांतरांच्या सारण्या छापणेच थांबले.

एका चैत्रात, शुद्ध चतुर्दशीच्या रात्री, मी हा वेध गच्चीवरून घेऊन पाहिला. सेक्स्टंट नव्हता. ५७ सेंटीमीटर दोऱ्याला फूटपट्टी बांधून दोऱ्याचे टोक डोळ्याशी धरले की पट्टीवरचा एक सेंटीमीटर म्हणजे एक अंश होतो. साधे मनगटी घड्याळ त्याच दिवशी सावलीवरून बाराला लावले होते, आणि चंद्र व चित्रा यांच्या जागा छापील खगोलीय सारणीतून घेतल्या होत्या. चित्रा चंद्राच्या खाली पूर्वेला तेरा अंशांच्या आसपास होती. पाच वेळा मोजून सरासरी काढली, वजाबाकी केली आणि बेळगाव सुमारे चौदा अंश पश्चिमेला, भर अरबी समुद्रात गेले; अक्षांश तेवढा बरोबर होता. चूक पट्टीची नव्हती. चंद्र पूर्वेला साठेक अंश उंचीवर असताना लंबनाने तो अर्धा अंश खाली, म्हणजे चित्राच्या दिशेने ओढला जातो, आणि ते मी धरलेच नव्हते. ते धरून गणित पुन्हा केले तेव्हा समुद्र मागे गेला, घाट चढला, बेळगावही मागे पडले आणि गणिताचे उत्तर पूर्वेला, बळ्ळारीच्या पलीकडे आदोनीपाशी येऊन थांबले. आदोनी बेळगावच्या पूर्वेला पावणेतीन अंश आहे. माझ्या पट्टीवर ते एक मिलिमीटर भरते.